सासूबाईंची वही
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली, चूलमूल सांभाळणारी बाई. चारचौघींत उभी राहून बोलण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. तेव्हा चुकलेमाकले पदरात घ्यावे.

माझे सासरे रेल्वेत गँगमन होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी दोनशे पानी वही आणली आणि नातवंडांसाठी आपल्या आठवणी लिहिल्या. पावसाळ्यात रुळांवरून रात्रीची गस्त कशी घालावी लागे, लहान गाडी जाऊन 2008 साली आपल्या जऊळक्यावरून मोठ्या लाइनीची गाडी कशी सुरू झाली, सारे त्यात आहे. आम्ही सर्वांनी ती वही कौतुकाने वाचली. पण सासूबाईंविषयी तिच्यात एकच ओळ सापडली : "याच साली माझे लग्न झाले."

मामंजींना मी दोष देत नाही. पुरुषमाणूस निवृत्त होतो, त्याला मागे वळून पाहायला सवड मिळते. बाईला निवृत्ती कुठली? सासूबाई आजही डाळ निवडतात. शिवाय त्यांना लिहिता येत नाही. मग मीच ठरवले की त्यांनी सांगावे आणि मी लिहावे.

दुपारी भांडी झाली की आम्ही बसू. त्यांना साल आठवत नसे. मग मी विचारी, दुष्काळाच्या आधी की नंतर? वाशीम जिल्हा 1998 साली झाला, त्याच्या आधी की नंतर? अशा खुणा धरल्या की साल बरोबर सापडते. पणजीचे नाव, तिचे माहेर, कोणाच्या लग्नात काय गोडधोड होते, हे सारे मी टिपून घेतले.

एके दिवशी त्या 1972 च्या दुष्काळावर आल्या. मामंजी कामासाठी दूर होते. सासूबाई बाळंतपणासाठी परभणी जिल्ह्यात माहेरी गेल्या, तर तिथे खायलाच नव्हते. दिवस राहिलेले असताना त्या सरकारी कामावर खडी फोडायला गेल्या. सुकडी मिळे, ती घरी आणून वाटून खात. पहिली मुलगी झाली आणि बारशाच्या आधीच गेली. मामंजींनी तिचे तोंडही पाहिले नाही. आमच्या घरात तिच्याविषयी कधी कोणी बोलले नव्हते.

माझ्या यजमानांनी ते पान वाचले आणि म्हणाले, "हे कशाले लिहिलं? लोक काय म्हणतीन?" मी पान फाडायला निघाले. सासूबाईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, "ते होती ना वं. राहू दे."

ते पान राहिले. मामंजींनी ते दोनदा वाचून घेतले. मग आपली वही मागवून त्या एका ओळीखाली त्यांनी स्वतःच्या हाताने मुलीची नोंद केली.

भगिनींनो, थोरामोठ्यांच्या घरीही असेच घडले आहे. लक्ष्मीबाई टिळक शाळेत गेल्या नव्हत्या. मुलाला वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी हव्या होत्या, म्हणून त्यांनी लेखणी धरली. त्यातून त्यांची स्वतःचीच 'स्मृतिचित्रे' झाली. ती 1934 पासून छापली जाऊ लागली. 1936 साली त्या वारल्या आणि राहिलेला भाग मुलाने पुरा केला. आज ते पुस्तक घरोघर वाचतात. आपले कोणी छापणार नाही, न छापो. आपल्या नातवंडांनी वाचले तरी पुष्कळ झाले.

माझी आई मात्र काही न सांगता गेली. तिच्या आईचे नाव काय, हे आज मला सांगता येत नाही. विचारायला आता कोणी उरले नाही. ही चुटपुट तुमच्या वाट्याला येऊ नये, एवढ्यासाठी मी आज उभी राहिले.

तेव्हा घरी गेल्यावर आपल्या सासूला, आईला एक प्रश्न विचारा आणि उत्तर लिहून ठेवा. अक्षर वाकडे आले तरी चालेल. शुद्धलेखन तपासायला कोणी मास्तर येणार नाही. लाजेची गोष्ट असली तरी ज्यांची ती आहे त्यांना विचारा, आणि त्या हो म्हणाल्या तर गाळू नका.