प्रश्न इथल्या माणसांना विचारून पाहू या



रायगडाच्या पायथ्याशी, हिरकणीवाडीत, स्वागत समितीच्या वतीने मी आपलं मनापासून स्वागत करतो. रुग्णाचं जगणं मोजणाऱ्या प्रश्नावल्या मराठीत कशा आणायच्या, हा आपला विषय आहे. त्या ज्यांना विचारायच्या ती माणसं इथे राहतात, म्हणून परिषद इथे भरवण्याचा आग्रह आम्ही धरला.

आज चर्चेला अॅसिड रिफ्लक्स आहे. आपल्याकडे रुग्ण ‘पित्त झालंय’ म्हणून येतो. जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू सैल पडला की आम्ल अन्ननलिकेत चढतं. दुर्बिणीतून अन्ननलिकेची जखम दिसते. पण कितीतरी रुग्णांना जखम नसतेच, आणि तरी आंबट पाणी घशाशी येऊन त्यांची रात्र बसून जाते. तपासणीचा कागद त्यांना निरोगी ठरवतो. हे मला डॉक्टर म्हणून फार सलतं.

ही उणीव भरायला १९९८ साली ‘क्वॉलरॅड’ ही प्रश्नावली पुढे आली. तिच्यात पंचवीस प्रश्न आहेत: मनाचा त्रास, झोप, खाणंपिणं, कामधाम आणि उत्साह. गेल्या आठवड्यात काय झालं ते सात पायऱ्यांवर सांगायचं. रिफ्लक्सची प्रश्नावली फारसीत नेणाऱ्या इराणी संशोधकांनी नुसत्या अनुवादावर समाधान मानलं नाही, तो रुग्णांवर पडताळून पाहिला. मराठीला हा मार्ग नवा नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातल्या डॉक्टरांनी डोकं व मान यांच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी युरोपीय प्रश्नावलीची हिंदी आणि मराठी रूपं पडताळून २००५ साली प्रसिद्ध केली.

पडताळणीचं गणित अवघड नाही. एका गटातले प्रश्न एकमेकांशी जुळतात का, हे क्रॉनबाखचा अल्फा सांगतो; ०.७० च्या वर आला की सहसा चालतं. मग त्याच रुग्णाला काही दिवसांनी पुन्हा विचारायचं. इथे मात्र आपल्या भागातली अडचण आडवी येते. पहिली फेरी भातलावणीच्या ऐन दिवसांत झाली आणि दुसरी लावणी उरकल्यावर, तर उत्तरं बदलणारच. दिवसभर वाकून रोपं लावणाऱ्या बाईला आम्ल जास्त छळतं. तो फरक प्रश्नावलीच्या माथी मारला, तर चांगलं साधन आपण उगाच बाद ठरवू. दोन्ही फेऱ्या सारख्या कामाच्या दिवसांत घ्याव्यात, असं माझं ठाम मत आहे.

दुसरं, वाचता न येणाऱ्या आजीला प्रश्न वाचून दाखवावे लागतात. सात पायऱ्या ऐकून लक्षात ठेवणं कठीण. शिवाय सून शेजारी बसली की आजी म्हणते, “काय नाय गो, बरं हाय.” कोण विचारतं, कुठे बसून विचारतं, याची नोंद आकड्यांइतकीच जपायला हवी. या कामात घरोघरी जाणाऱ्या आशाताईंचा अनुभव आम्हा डॉक्टरांपेक्षा मोठा आहे, म्हणून त्यांना पहिल्या रांगेत बसवलं आहे.

खेड्यात असं संशोधन जमेल का, अशी शंका कुणी घेऊ नये. याच महाड तालुक्यात, बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रुग्णांजवळ बसून नोंदी ठेवल्या. पुढे प्राझोसिनच्या उपचारावरचा त्यांचा लेख १९८६ साली ‘लॅन्सेट’ने छापला. महागडी यंत्रं त्यामागे नव्हती. होती ती रात्र रात्र ठेवलेली निगराणी.

दुपारी प्रश्नावलीच्या मराठी मसुद्याचे कागद वाटले जातील. जो प्रश्न आपल्या रुग्णाला विचारताना अडखळायला होईल, त्यावर खूण करा आणि समासात त्याचं कारण लिहा. जेवणाची सोय शेजारच्या मांडवात आहे. गैरसोय झाली तर आमच्या कार्यकर्त्यांना हक्काने सांगा. मी अध्यक्षांना परिषदेचं कामकाज सुरू करण्याची विनंती करतो.