व्हिटबीत खोली घेण्यापूर्वी

मुलगा किंवा मुलगी इंग्लंडात आहे, असे आईवडील आता आपल्याकडे गल्लोगल्ली भेटतात. व्हिसा सहा महिन्यांचा असतो. लंडन चार दिवसांत पाहून होतं आणि मग मुलं कामाला गेली की खिडकीतून पाऊस पाहत बसायचं. त्या दिवसांतल्या पाच-सहा रात्री काढून समुद्रकाठच्या एखाद्या लहान गावी राहून यावं, असं मी सुचवीन. फक्त आखणी करताना ‘काय काय बघायचं’ या यादीपासून सुरुवात करू नका. खोलीपासून करा. हे मला आधी सुचलं नव्हतं, चूक करून कळलं.

आम्ही निवडलेलं गाव व्हिटबी. यॉर्कशरच्या किनाऱ्यावर एस्क नदी समुद्राला मिळते तिथे हे वसलं आहे. नदीच्या दोन्ही अंगांना उंच कडे, मध्ये बंदर आणि काठ जोडणारा एक फिरता पूल. बोट आली की पूल बाजूला वळतो आणि माणसं दोन्हीकडे निमूट थांबून राहतात. पूर्वेच्या कड्यावर जुन्या मठाचे भग्न अवशेष आहेत. पहिला मठ तिथे इसवी सन ६५७ मध्ये स्थापन झाला. पश्चिमेच्या कड्यावर एकोणिसाव्या शतकातल्या, जॉर्ज हडसन या रेल्वेसम्राटाने सुरुवात करून दिलेल्या घरांच्या रांगा. ब्रॅम स्टोकर १८९० च्या उन्हाळ्यात इथेच उतरला होता आणि ‘ड्रॅक्युला’ हे नाव त्याला गावातल्या वाचनालयात सापडलं. त्याच्या नावावर गाव आजही बरंच काही विकतं.

ही घरं बाहेरून फार देखणी. उंच, अरुंद, चार-चार मजल्यांची. आत लिफ्ट बहुधा नसते आणि जिना असा चिंचोळा की बॅग पुढे धरावी की मागे, हा प्रश्न पडावा. आम्ही फोटोतला समुद्र पाहून वरच्या मजल्यावरची खोली घेतली. समुद्र दिसत होता, त्यात खोटं काही नव्हतं. पण हिचे गुडघे दुखरे आणि न्याहारीची खोली पार खाली. एका खेपेला बासष्ट पायऱ्या, मी मोजल्या होत्या. तिसऱ्या दिवशी ही म्हणाली, ‘‘तुम्ही जाऊन या, मी इथूनच बघते.’’ पुढचे तीन दिवस तिने खिडकीत काढले. घरमालकिणीला दोष कसा देणार? आम्ही विचारलंच नव्हतं.

तेव्हा विचारा. खोली कितव्या मजल्यावर, पायऱ्या किती, कठडा दोन्ही बाजूंना आहे का, आंघोळीच्या टबात पाय उचलून जावं लागतं का. समुद्र दिसणाऱ्या खोलीला पैसे जास्त पडतात. तोच समुद्र दाराबाहेरच्या बाकावर फुकट आहे. जुन्या प्रवासपुस्तकांत पश्चिम कड्यावरून वाळूवर उतरणाऱ्या १९३१ सालच्या लिफ्टचा उल्लेख सापडेल. ती २०२२ मध्ये बंद झाली, तिच्या भरवशावर बेत करू नका. मठाकडे जाणाऱ्या १९९ पायऱ्या प्रसिद्ध आहेत. त्यांच्यावर मध्येमध्ये बाक आहेत. पूर्वी शवपेट्या खांद्यावरून वरच्या चर्चमध्ये नेत, त्या टेकवायला ही सोय केलेली. गुडघे बरे नसतील तर मागच्या बाजूने मोटारीचा रस्ता थेट वर जातो. टॅक्सी करावी, त्यात कमीपणा कसला?

जायचं कधी? जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत तिथल्या शाळांना सुट्टी असते, तेव्हा गाव ओसंडून वाहतं आणि भाडीही चढतात. ऑक्टोबरच्या अखेरीस काळे कपडे घालून येणाऱ्या ‘गॉथ’ मंडळींचा मेळा असतो, तेव्हाही खोली मिळणं कठीण. शनिवारची एकच रात्र द्यायला पुष्कळ घरमालक तयार नसतात. मे-जून आपल्याला बरा. मात्र त्याच दिवसांत उबदार हवा थंड उत्तर समुद्रावरून येते आणि दुपारी बघता बघता सगळा किनारा धुक्यात बुडतो. स्वेटर बरोबर हवाच.

पोहोचणं थोडं आडवळणाचं आहे. पिकरिंग आणि स्कारबरो या दोन्हीकडून येणारे रेल्वेमार्ग १९६५ मध्ये बंद केले गेले. उरला तो मिडल्सबरोहून येणारा, सुमारे दीड तासाचा, आणि त्यावरही दिवसाला मोजक्याच गाड्या. लीड्स-यॉर्कहून माळरान ओलांडत येणारी बस आहे. आमची लेक लीड्सला, म्हणून आम्ही बसनेच गेलो. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली तर सोडू नये (या जिन्याबद्दल हिची तक्रार नव्हती).

आता खाण्याचं. शाकाहारी मंडळी ‘आम्ही मासे खात नाही, नुसते चिप्स घेऊ’ असं म्हणतात. यॉर्कशरच्या जुन्या वळणाच्या दुकानांत मासे आणि बटाटे दोन्ही ‘बीफ ड्रिपिंग’मध्ये, म्हणजे गोमांसाच्या चरबीत तळतात. तेलात तळणारीही दुकानं आहेत. काउंटरवर सरळ विचारायचं, कोणी वाईट वाटून घेत नाही. खाताना सीगल पक्ष्यांपासून पुडा सांभाळा. ते हातातून नेतात.

भरती-ओहोटीचं मात्र गांभीर्याने घ्या. आपल्याकडे किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. तो हिशेब तिथे लागू पडत नाही, प्रत्येक बंदराची घटका निराळी. रोज साधारण पन्नास मिनिटांनी भरती पुढे सरकते, हे तेवढं सारखंच. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. सँड्सएंडपर्यंत वाळूवरून तीनेक मैलांचा सुंदर फेरफटका आहे, पण तो ओहोटीचा. पूर्वेच्या कड्याखालच्या खडकांवर गेलेल्यांची परतीची वाट पाणी बंद करून टाकतं. गेल्या दिवशीच भरतीचं वेळापत्रक मिळवा आणि फिरणं, जेवण, झोप त्याच्याभोवती बसवा. अडचण आलीच तर ९९९ फिरवून ‘कोस्टगार्ड’ म्हणायचं.

आणखी एक गोष्ट, जी कुठल्या माहितीपत्रकात नसते. स्वयंपाकघरासकट अख्खं घर आठवड्याने भाड्याने मिळतं. वरणभाताची सोय होते, म्हणून आपल्या लोकांना ते आवडतं. पण कोळ्यांच्या कुटुंबांची ही जुनी घरं एकेक करून पाहुण्यांसाठी गेली आणि गावातल्या तरुणांना राहायला जागा परवडेना. जून २०२२ मध्ये गावाने मतदान घेतलं. नवी घरं कायम राहणाऱ्यांनाच मिळावीत, असं मत देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक लोकांनी सांगितलं. ते मतदान बंधनकारक नव्हतं. एप्रिल २०२५ पासून मात्र तिथल्या कौन्सिलने दुसऱ्या घरांवरचा कर दुप्पट केला. कोकणात आणि गोव्यात घरं कोणाकडे चालली आहेत, हे पाहिलेल्याला ही गोष्ट समजावून सांगायला नको. मालक स्वतः ज्या घरात राहतो तिथलीच खोली घ्यावी, असं माझं मत. वरणभात आठवडाभर नाही मिळाला तर चालतो.

पुढच्या वर्षी आम्ही जूनमध्ये पुन्हा गेलो. खोली तळमजल्यावरची, खिडकीसमोर शेजारच्या घराची भिंत. रात्री साडेनऊ वाजून गेले तरी उजेड होता. आम्ही दोघं पश्चिमेच्या कड्यावरच्या बाकावर बसून होतो. किनारा उत्तरेकडे तोंड करून असल्याने त्या दिवसांत सूर्य समुद्रातूनच उगवतो आणि समुद्रातच मावळतो. तो बुडाल्यावर ही म्हणाली, ‘‘उगवतो किती वाजता?’’

‘‘साडेचारला.’’

‘‘मग गजर लावा,’’ असं म्हणून ती उठली आणि माझ्या पुढे चालू लागली.