पेसमेकर आणि किरणोपचार

हृदयाचा ठोका मंद पडूं लागला, म्हणजे त्यास वेळेवर विजेची सूक्ष्म चालना देणारें जें यंत्र बहुधा छातीच्या वरच्या भागीं कातडीखालीं बसवितात, त्यास पेसमेकर म्हणतात. १९५८ सालीं स्टॉकहोम येथें आर्ने लार्सन या रुग्णाच्या शरीरांत असें यंत्र प्रथम बसविण्यांत आलें. तें कांहीं तासच टिकलें. पण पुढें यंत्रें बदलीत बदलीत तो २००१ सालापर्यंत जगला. आज मालवण, देवगड, वेंगुर्ले या किनाऱ्यावरील घरांतूनहि पेसमेकर बसविलेले वृद्ध आढळतात. अशा एखाद्यास कर्करोग जडला व किरणोपचार करावयाचे ठरलें, म्हणजे घरांत प्रश्न उभा राहतो : किरणांनीं यंत्रच बंद पडलें तर?

ही भीति अगदींच निराधार नाहीं. जुन्या यंत्रांची विद्युद्रचना किरण बरेच सोसी. पुढें वीज कमी खाणारीं, पण किरणांपुढें अधिक नाजूक अशीं मंडलें आलीं. किरणांची मात्रा 'ग्रे' या मापानें मोजतात. स्तनाच्या कर्करोगांत बहुधा एकंदर ४० ते ५० ग्रे देतात; उलट पेसमेकरवर एकंदर २ ग्रेहून अधिक मात्रा पडूं नये, असा दंडक अमेरिकेंतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघानें १९९४ सालीं सुचविला. म्हणून किरणांचा झोत यंत्रावर सरळ पडूं देत नाहींत. यंत्र वाटेंतच येत असेल, तर प्रसंगीं शस्त्रक्रियेनें त्याची जागा बदलतात.

दुसरा धोका अधिक गूढ आहे. एक कोटी व्होल्टांहून अधिक दाबाच्या क्ष-किरण यंत्रांत न्यूट्रॉन नांवाचे कण निर्माण होतात. किल्ल्याचा तट लाटा अडवितो, पण खारा वारा आंत शिरतोच. तसे हे कण झोतापासून दूर असलेल्या पेसमेकरपर्यंतहि पोंचून त्याच्या स्मृतींतील नोंदी बिघडवूं शकतात. यास्तव अशा रुग्णांस शक्यतों कमी दाबाचे किरण देतात. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानें सिद्ध केलेल्या 'भाभाट्रॉन' यंत्रांतील कोबाल्टचे किरण या मर्यादेच्या पुष्कळच खालीं असतात.

तेव्हां कोल्हापूर, गोवें किंवा मुंबई, कोठेंहि उपचारास जातांना पेसमेकरचें ओळखपत्र बरोबर न्यावें व पहिल्याच भेटींत डॉक्टरांस तें दाखवावें. उपचारापूर्वीं, मधून मधून व शेवटीं यंत्राची तपासणी व्हावी. ज्याचें हृदय सर्वस्वीं यंत्रावरच अवलंबून आहे, त्याच्या बाबतींत ही दक्षता विशेष हवी. यंत्राच्या भीतीनें किरणोपचार नाकारणें म्हणजे कर्करोगास मोकळें रान देणें होय. आणि यंत्राची गोष्ट डॉक्टरांपासून लपविणें हेंहि तितकेंच घातक आहे.