दाखले पुरे, बोर्डिंग उघडूया
(कोल्हापुरातील युवक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या जिल्ह्यात काही विपरीत घडलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘शाहूंच्या कोल्हापुरात हे कसं झालं?’ 7 जून 2023 ला स्टेटसच्या वादातून बंद झाला, दगडफेक झाली, इंटरनेट बंद पडलं, तेव्हा ऐकलं. 14 जुलै 2024 ला वाद विशाळगडावरच्या अतिक्रमणांचा होता, पण घरं आणि मशीद फुटली गजापुरात, तेव्हाही ऐकलं.

मग आपण दाखले काढतो. कुरुंदवाडला मशिदीत गणपती बसतो. उस्ताद अल्लादिया खाँ इथल्या दरबाराचे गवई होते. हे खरं आहे, अभिमानाचंही आहे. पण दर दंगलीनंतर आपण हीच फाईल उघडून किती वर्षं उभं राहायचं? आपलं नागरिकत्व सलोख्याच्या फोटोवर अवलंबून नाही. ते संविधानानं दिलेलं आहे.

महाराजांनी काय केलं ते बघा. 1902 मध्ये त्यांनी मागास वर्गांसाठी सरकारी नोकऱ्यांत 50 टक्के जागा ठेवल्या. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले सोडून बाकी सगळे मागास, अशी त्यांची व्याख्या. म्हणजे आपणही त्यात आलो. 1906 मध्ये मोहामेडन एज्युकेशन सोसायटी निघाली, तिचं अध्यक्षपद त्यांनी स्वतःकडे घेतलं. दसरा चौकातली मुस्लिम बोर्डिंग ही त्याच कामाची खूण. खेड्यातल्या पोराला शहरात राहायला जागा मिळाली, की तो शाळेत टिकतो. एवढा साधा हिशेब होता.

तो हिशेब आपण पुढे न्यायचा आहे. गल्लीतली मुलगी दहावीनंतर घरी का बसली, हे तिच्या अब्बांना विचारायचं. अभ्यासिका काढायची आणि तिचं दार शेजारच्या मराठा, दलित, लिंगायत पोरांनाही उघडं ठेवायचं. भडकाऊ स्टेटस आपल्याच पोरानं ठेवलं तर त्याला आधी आपणच अडवायचं. आणि गजापूरच्या माणसांना न्याय मिळेपर्यंत, त्यांच्या खटल्याच्या तारखांना हजर राहायचं.

पुढच्या वेळी कुणी ‘शाहूंचं कोल्हापूर’ म्हटलं, तर त्याला हात धरून त्या अभ्यासिकेत घेऊन या. तिथं काम भरपूर आहे, त्यालाही द्या.