नोंद झाली तरच आकडा



"आपल्या भागात चोऱ्या वाढल्यात का हो?" असं लिफ्टमध्ये हमखास विचारलं जातं. याचं उत्तर आपल्याकडे नाही, कारण आपण नोंदच ठेवत नाही. मी बँकेतला माणूस. आमच्याकडे व्हाउचर नाही तर व्यवहार नाही. गुन्ह्यांचंही तसंच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात पोलीस ठाण्यात नोंदलेलेच गुन्हे येतात. शिवाय एका एफआयआरमध्ये चार गुन्हे असले तरी मोजला जातो त्यांतला सर्वांत गंभीर एकच. तेव्हा आकडा लहान म्हणून भाग सुरक्षित, असं समजू नका.

सायकल गेली की "जुनीच होती" म्हणून आपण गप्प. फोनवरून फसवून पैसे काढले तर लाजेपायी मुलांनाही सांगत नाही. ही लाज फार महाग पडते. लगेच 1930 वर फोन केला तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते; उशीर झाला की ते चार खाती फिरून पसार. आणि 'डिजिटल अरेस्ट' नावाची अटक आपल्या कायद्यात नाहीच!

गेटवर रजिस्टर आहे (अक्षर लागत नाही, ते असो). दुसरं एक ठेवू: तारीख, वेळ, जागा, काय घडलं. कामवाल्या बायकांवरचे, वॉचमनवरचे संशय त्यात लिहायचे नाहीत; घडलं तेवढंच. पोलिसांत तक्रार द्यायची ती वेगळी द्यायचीच. सहा महिन्यांनी पानं चाळली की पार्किंगमधला दिवा नेमका कुठं हवा, तेही कळेल. वही मी आखून सेक्रेटरींकडे दिली आहे.