एक विहीर, चार पाळ्या : वाढत्या रुग्णालयाची संगणकव्यवस्था

(धंतोली, नागपूर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



धंतोली ही एके काळी ऐसपैस बंगल्यांची वस्ती होती. आज त्यांतील कित्येक आवारांत रुग्णालये उभी आहेत आणि विदर्भातूनच नव्हे, तर शेजारच्या मध्य प्रदेशातूनही रुग्ण येथे येतात. दहा खाटांचे रुग्णालय पन्नास खाटांचे झाले की इमारत आखून वाढविली जाते. संगणकव्यवस्था मात्र ठिगळे लावल्यासारखी वाढत जाते. देयकांसाठी एक सर्व्हर, प्रयोगशाळेसाठी दुसरा, क्ष-किरण चित्रांसाठी तिसरा, वेतनासाठी चौथा. जिन्याखालच्या खोलीत ही यंत्रे अहोरात्र चालू असतात आणि त्यांची बरीचशी शक्ती पुष्कळदा नुसती पडून असते.

साधा हिशेब पाहा. चारशे वॅटची सहा यंत्रे चोवीस तास चालली, तर दिवसाला सुमारे ५८ युनिट वीज लागते. ती सारी अखेर उष्णताच होते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे गेला असता ती उष्णता खोलीबाहेर काढण्यासाठी पुन्हा वेगळी वीज खर्ची पडते.

यावरील उपाय म्हणजे आभासी सर्व्हर, अर्थात सर्व्हर व्हर्च्युअलायझेशन. एका विहिरीवर चार शेतकऱ्यांच्या पाळ्या असाव्यात, तशी एका सशक्त यंत्राची स्मृती, साठवण आणि गणनशक्ती अनेक कामांना वाटून दिली जाते. हे वाटप करणाऱ्या प्रणालीस हायपरव्हायजर म्हणतात. एका आभासी सर्व्हरची प्रणाली कोलमडली, तरी शेजारचा सहसा चालूच राहतो. कल्पना जुनी आहे. आयबीएम कंपनीने मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० ही प्रणाली १९७२ मध्येच जाहीर केली होती. केंद्र शासनाचा 'मेघराज' हा राष्ट्रीय क्लाउड २०१४ मध्ये सुरू झाला, त्याचाही पाया हाच.

परंतु विहीर आटली तर चौघांचीही पिके वाळतात, हे विक्रेता सांगत नाही. एकच मोठे यंत्र घेऊन सर्व कामे त्यावर चढविणे ही काटकसर नव्हे, तो जुगार होय. ते यंत्र रात्री दोन वाजता बंद पडले, तर अतिदक्षता विभागातील डॉक्टरांना रुग्णाचा रक्ततपासणी अहवाल दिसणार नाही. म्हणून यंत्रे दोन हवीत, आणि एकट्यावर सारा भार आला तरी ते पेलेल इतकी जागा प्रत्येकात मोकळी हवी. याशिवाय माहितीची एक प्रत इमारतीबाहेर असावी. 'स्नॅपशॉट' घेतला की प्रत झाली, असा एक समज आहे. स्नॅपशॉट मूळ माहितीच्याच साठवणीवर विसंबून असतो. ती साठवण गेली की तोही गेला. ठेवलेली प्रत खरोखर उघडते की नाही, हेही अधूनमधून पडताळावे लागते.

जुन्या प्रणालींचे काय? विंडोज सर्व्हर २००८ चे नियमित साहाय्य १४ जानेवारी २०२० रोजी संपले. प्रयोगशाळेचे एखादे यंत्र अशाच प्रणालीवर अवलंबून असेल, तर ती आभासी सर्व्हरमध्ये हलविता येते. मात्र तेवढ्याने ती सुरक्षित होत नाही. तिला इंटरनेटपासून तोडूनच ठेवावे.

खरेदीतही सावधपणा हवा. व्हीएमवेअर ही कंपनी २०२३ मध्ये ब्रॉडकॉमकडे गेली आणि कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबून वर्गणीची पद्धत आली. २००७ पासून लिनक्समध्येच असलेली केव्हीएम ही मुक्त प्रणाली हा चांगला पर्याय आहे. मात्र ती जाणणारा माणूस हाताशी हवा. शासकीय निविदा काढणाऱ्यांनी, एका प्रणालीवरून दुसरीवर जाण्याचा खर्च कोणी सोसावा, हे करारातच लिहून घ्यावे.

स्थलांतर एका रात्रीत उरकू नये. आधी वेतन, मग देयके, त्यानंतर प्रयोगशाळा आणि सर्वांत शेवटी रुग्णांच्या नोंदी, असा क्रम मला योग्य वाटतो. जुनी यंत्रे निदान एक महिना तरी भंगारात देऊ नयेत.