शस्त्रपूजा आणि शस्त्रसेवा

(विजयादशमीच्या निमित्ताने विश्रांतवाडी येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



खंडेनवमीला घराघरांतील शस्त्रे बाहेर काढली जातात. ज्या घरात पणजोबांची ठासणीची बंदूक आहे, तेथे ती पाटावर ठेवली जाते, तिला हळदकुंकू वाहिले जाते, वर झेंडूची ओली माळ चढते. दोन दिवसांनी माळ उतरते आणि बंदूक पुन्हा भिंतीवर जाते. माळेच्या जागी नळीवर उमटलेला तांबूस डाग मात्र कोणाच्या लक्षात येत नाही. दर वर्षी एक डाग, असे पन्नास दसरे गेले की पूर्वजांचे शस्त्र आपल्याच श्रद्धेने खाल्लेले असते. म्हणून पूजेबरोबर सेवेचाही विचार झाला पाहिजे.

विश्रांतवाडीत हा विषय मांडणे उचितच आहे. येथून जवळ, मुळेपलीकडे खडकी आहे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी बापू गोखले यांच्या नेतृत्वाखाली पेशव्यांचे सैन्य तेथे इंग्रजांशी लढले. त्या दिवशी दोन्ही बाजूंच्या बंदुका तोंडातून दारू ठासून भरण्याच्या होत्या. पुढे १८६९ मध्ये त्याच खडकीत दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला.

ही जुनी काळी दारू म्हणजे सुमारे ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. बार उडाल्यावर ती सारी धूर होऊन जात नाही. तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग क्षार आणि काजळीच्या रूपाने मागे उरतो. यांतील काही क्षार हवेतील ओल ओढून घेतात. नळीच्या आत ओलसर लेप तयार होतो आणि पावसाळी हवेत एका रात्रीत गंज धरू लागतो. टोपीची बंदूक असेल तर धोका आणखी वाढतो. जुन्या पद्धतीच्या टोपीतील क्लोरेटपासून मिठाच्या जातीचा क्षार निर्माण होतो.

पुष्कळ जण अशा नळीत नुसते तेल सोडतात. तेलात क्षार विरघळत नाहीत. ते तेलाखाली तसेच राहतात आणि आपले काम करीत राहतात. क्षार विरघळतात ते पाण्यात. म्हणून ज्याला आपण लोखंडाचा वैरी मानतो, ते पाणीच येथे पहिले औषध ठरते. नळी दस्त्यापासून सुटत असेल तर सोडवावी. गजाला चिंधी गुंडाळून कढत पाण्याने ती आतून धुवावी; चिंधी स्वच्छ निघेपर्यंत धुवावी. कढत पाण्याने नळी तापते आणि लवकर सुकते. मग कोरड्या चिंध्या फिरवाव्यात, नळी पूर्ण कोरडी झाल्यावरच यंत्राचे पातळ तेल द्यावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे. खोबरेल किंवा गोडेतेल वापरू नये. ते कालांतराने चिकट होते.

कोकणात पीकसंरक्षणासाठी परवान्याने अशा बंदुका बाळगणारे शेतकरी आहेत. निवडणुकीच्या काळात शस्त्र पोलिस ठाण्यात जमा करावे लागू शकते. बार टाकलेली बंदूक न धुता जमा केली, तर ती परत येते तेव्हा आतून खवले धरलेली असते.

ज्या बंदुका केवळ स्मृती म्हणून जपल्या जातात, त्यांच्याबाबत पहिली काळजी सुरक्षिततेची. बंदूक भरलेली नाही, हे गृहीत धरू नये. जानेवारी २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील अठराव्या शतकातील तोफेचा गंज काढताना कामगारांना आत सुमारे ८०० ग्रॅम दारू सापडली. कोरडी राहिलेली दारू शतकानंतरही पेटू शकते. शंका आली तर स्वतः काहीही न करता पोलिसांना कळवावे. जुनी असली तरी चालू शकणारी बंदूक शस्त्र कायद्याच्या कक्षेत येते, याचेही भान असावे.

दुसरी काळजी अतिउत्साहाची. पितळी भांडी उजळणारी चिंच लोखंडाला लावू नये. तिच्यातील आम्ल धातू खाते. पॉलिश पेपरने घासलेली नळी चकाकते, पण तिच्यावरची अक्षरे आणि नक्षी कायमची जाते. काळसर, घट्ट बसलेला थर राहू द्यावा. नारिंगी, भुकटीसारखा गंज तेवढा तेलात भिजवलेल्या मऊ कापडाने हलके पुसावा. चामड्याच्या म्यानात बंदूक कायम ठेवू नये. चामडे ओल धरून ठेवते. हीच चूक गडांवर घडते. गंजलेल्या तोफेवर रंग फासला की ती नवी दिसते, परंतु रंगाखाली, विशेषतः सागरी किल्ल्यांवर, खारा गंज वाढतच राहतो.

ही शिस्त आपल्याला परकी नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरील दारूखान्याची व्यवस्था सांगितली आहे. दारू आणि बाण ठरावीक दिवसांनी बाहेर काढून, ऊन देऊन, पुन्हा बंद करून ठेवण्याची जबाबदारी तेथे हवालदारावर टाकलेली आहे. स्वराज्य रणांगणावर लढले आणि अशा नित्याच्या दक्षतेवर टिकले.

तेव्हा या दसऱ्याला फुले अवश्य वाहावीत. शस्त्राखाली कोरडे वस्त्र अंथरावे, कुंकवाचे बोट लाकडी दस्त्याला लावावे. आणि त्याच सायंकाळी घरातील मुलांना जवळ बसवून, फुले उतरवून, बंदूक पुसून, तेलाचा हात फिरवून मगच ती भिंतीवर ठेवावी. मुलाच्या हाताला लागलेला तो तेलाचा वास हाही एक संस्कारच आहे.